कांताच्या लग्नाला रॉकेल न्हवतं

हॅलो? … हॅलो! … हां, जालनाच. कोण पाहिजे? … मीच की, कौसल्या. … कोण? नंदे! अगं तू व्हय! किती बारीक आवाज येऊन राह्यला तुझा. जरा जोरात बोल ना.

… हो, हो… अगं ऐक ना. झालं! झालं लग्न! आपल्या दादाच्या कांताचं लग्न झालं, परवा, गोरजावर, बराबर ठरल्या टायमाला! … आता काय झालं? अगं रडतीस काऊन?

… मोडलं? कोण म्हणलं मोडलं? … वरात माघारी गेली? … आन हे कुणी सांगितलं तुला? … वा! परभणीत बसून त्याला टेंभुर्णीतलं दिसतं व्हय? शेण खाल्लं त्यानं, दुसरं काय! … न्हाई, न्हाई, थांब. शेणाला आता नावं ठेवायची न्हाईत. आपल्या घराण्यात तरी न्हाई. … अगं सांगते ना, तेच तर सांगून राह्यले!

… तुझी मोटार रद्द झाली ते कळलं आम्हाला. डिझेल न्हाई म्हणून जागची हाललीच न्हाई ना? … दिवसभर स्टँडवर बसलीस? पिशव्या घेऊन? अगं माझे बाई! … कोण राग धरतंय तुझ्यावर? साळूवहिनी काय म्हणली ठाऊक हाय? म्हणली, नंदा निघाली व्हती, पण त्या अरबांनी अडवली तिला. … हां, असंच म्हणली! आपली वहिनी! अगं ती आता अरबांवर बोलती, इस्राएलवर बोलती. तिच्याम्होरं आता कुणाची टाप न्हाई.

… मी खाली अडतीच्या दुकानातून बोलते. शेठजींनीच वर आवाज दिला, कौसल्याबाई, तुमचा ट्रंक कॉल! मी तशीच पळत आले, हाताला पीठ हाय अजून. … शेठजी चहाला गेलेत. तू बोल बिनघोर. न्हाई, तू नको बोलू. मी बोलते, तू ऐक.

… काय? … तीन मिनिटं? … अवं एक्सचेंजच्या ताई, आत्ताशी कुठं हॅलो झालं! … नंदे, सांग त्यांना वाढवायला. जावईबापूंच्या हापिसातला फोन हाय ना, मंग लाजतीस काय? … हां. वाढवलं. बरं, ऐक.

तू सुपारीला न्हवतीस, म्हणून पहिल्यापासून सांगते. रामकिसनराव आले, म्हंजे नवरदेवाचा बाप, भोकरदनचे. खांद्याला रेडिओ. अगं खरंच, चामड्याच्या पिशवीत! जेवायला बसले तरी मांडीवर. तिकडं लढाई पेटली व्हती ना तवा, मिसरची, त्या इजिप्तची, आन इस्राएलची. शेजारी शेजारी ते, बांधाला बांध लागून. आपल्या शिवारात बांधावरून डोकी फुटतात, तिथं विमानं पडत व्हती, एवढाच फरक. रामकिसनराव सांगणार आन आपला मच्छिंद्रदादा मान डोलवणार. … हो ना, दादाला कुठं ठाऊक मिसर कुठं हाय ते! पण सोयरा बोलून राह्यला म्हणल्यावर मान हालवायलाच पाहिजे.

तर दिवाळीत रेडिओनं सांगितलं, लढाई थांबली. झालं! रामकिसनराव म्हणले, मिटलं आता. रॉकेल म्हणा, डिझेल म्हणा, पाण्यावानी वाहत येईल. आन दादाला चेव आला. म्हणला, सोयरे, गोरजमुहूर्तच धरा. दिवस मावळला हे कुणाला कळणार न्हाई असा उजेड करीन. पारापासून मांडवापर्यंत गॅसबत्त्या लावीन! … हां ना! आन घरात एक कंदील, त्याची बी काच फुटलेली!

वहिनी माजघरातून म्हणली, अवं, दिवसाचा मुहूर्त धरा. कोण ऐकतंय?

… तेच तर सांगते. लढाई थांबली, पण ते तेलवाले शेख रुसले ते रुसलेच. … रुसले म्हंजे, मानपान चुकल्यावर व्याही रुसतो तसे. ज्यांनी इस्राएलला मदत केली त्यांना तेलच न्हाई, आन बाकीच्यांना चौपट भावानं. … आपण कुठं केली मदत? मी बी तेच म्हणते! भांडले ते, तोंड फिरवलं शेखांनी, आन अंधार आपल्या टेंभुर्णीत! पौषात तर रेशनला रॉकेलचा टिपूस न्हाई. बाया बाटल्या घेऊन बसायच्या आन दुकानदार म्हणायचा, जहाज समुद्रात हाय. विहिरीवरची इंजिनं बंद. लोकांनी माळ्यावरच्या जुन्या मोटा काढल्या, तर त्या उंदरांनी कुरतडलेल्या.

दादानं गॅसबत्त्या आणल्या भाड्यानं. आन त्यात ओतायचं काय? … मंग भोकरदनहून निरोप आला. रामकिसनरावांचा. म्हणले, तुम्ही शब्द दिलाय. अंधारात माझा पोरगा बोहल्यावर चढणार न्हाई. दिव्याची सोय नसंल तर वरात माघारी नेऊ, पुढल्या वर्षी बघू.

… पुढल्या वर्षी! नंदे, पुढल्या वर्षी म्हंजे काय ते आपल्याला ठाऊक न्हाई का? दुष्काळात कांताची पहिली सोयरीक अशीच पुढल्या वर्षीवर गेली ना? आले का ते लोक माघारी? दुसऱ्यांदा मोडलं असतं तर त्या लेकराला कुणी विचारलं असतं? … न्हाई ना. तेच म्हणते. कांता म्हणायची, आई, नको जिवाला लावून घेऊ. आन वहिनी तिच्या केसातून फणी फिरवत बसायची. केस विंचरून झाले तरी फिरवत बसायची. मला बघवायचं न्हाई गं.

… हां! आता बराबर बोललीस! गोबरगॅस! हाय का आठवण? … बदनापूरला शेतीचं प्रदर्शन बघायला गेल्ती वहिनी, गावच्या बायांबरोबर. बाकीच्या बांगड्या घेऊन आल्या आन ही शेणाची विहीर डोक्यात घेऊन आली! परसात खड्डा बांधला, त्याच्यावर ती लोखंडी टाकी उपडी घातली. रोज शेण कालवून आत सोडायचं. गॅस भरला की टाकी वर येती, सपला की खाली बसती. एवढंच. पण आपला दादा गावभर सांगत फिरायचा, आमच्या मंडळीनं शेण पुरायला विहीर खांदली! दुष्काळात जनावरं छावणीला गेली, टाकी नुसती गंजत पडली, तवा तर लोक लईच हसले. औंदा पाऊस झाला, म्हशी घरी आल्या, हिनं गुपचूप पुन्हा चालू केली. चहा त्याच्यावर, भाकरी त्याच्यावर.

तर निरोप आला त्या दिवशी वहिनी दादाला म्हणली, दिवे मी लावते, टाकीच्या गॅसवर. जाळीचे दिवे आणा, पाइप आणा, मांडव परसाला लागून घाला. दादा म्हणला, सोयऱ्याला शेणाच्या उजेडात उभा करू? त्यापरीस म्हैस विकतो, जाफराबादेत एकजण चोरून रॉकेल देतो. … म्हैस विकून रॉकेल! वहिनी गोठ्याच्या दारात आडवी उभी राह्यली. म्हणली, म्हैस हाय म्हणून उजेड हाय. म्हैस नेता तर मलाबी न्या बाजाराला! … दादालाच म्हणली! मी तिथंच व्हते, डाळ निवडून राह्यले व्हते. दादा गुमान चपला घालून पाइप आणायला गेला.

… ठीक कसलं? घात झाला म्होरं! … मालनबाई! दुसरं कोण? आपल्या चुलत्याची सून! … भांडण न्हाई गं. मायेनं केलं तिनं, तिथंच तर घोटाळा. भावकीतल्या साऱ्या बाया गोळा केल्या आन म्हणली, साळूबाईच्या घरचं पहिलं लग्न हाय, सारवण असं पाहिजे की सोयऱ्यानं बघत राहावं. मंग काय! घर सारवलं. अंगण सारवलं. मांडवाखालची सगळी जागा, दोन दोन हात. तेवढ्यानं समाधान झालं न्हाई तर मारुतीच्या पारापर्यंत गल्ली सारवली! नवरदेवाच्या पायाला धूळ लागायला नको! … शेण कुठलं म्हणतीस? अगं आपल्याच गोठ्यातलं! टाकीसाठी रोजचं काढून ठेवलेलं! वहिनी बुंदीच्या घाण्यापाशी, तिला वाटलं सालदार घालतो टाकीत. सालदाराला वाटलं बाया घालतात. आन बाया घालून राह्यल्या गल्लीला! चार दिवस टाकीच्या तोंडात घास न्हाई!

वरात यायच्या दिवशी दुपारी वहिनी परसात गेली. बघती तर टाकी तळाला. … हो… हो गं! उद्या लग्न आन आज टाकी बसलेली!

… कोण? … नंदे, 'अरे देवा' तू म्हणलीस का? … न्हाई? मंग कोण म्हणलं? … ताई! तुम्ही का? एक्सचेंजवाल्या? … ऐकून राह्यल्या व्हय आमचं! … अवं माफी कसली मागता! … टाइम झाला म्हणून सांगायला आल्त्या? आन मंग? … ऐकलंस का नंदे, ह्या बाई टाकीपाशी अडकल्या! … नाव काय तुमचं? … सत्यशीला. छान हाय. गाव कुठलं? … बदनापूर! घ्या! मंग तुमच्याच गावची करणी ही सगळी! … आता राहू द्या लाइन, ताई. तुम्हाला बी पुढचं कळाया पाहिजे का न्हाई?

तर मालनबाईला कळलं. तिनं भर मांडवात गळा काढला. वहिनी तिला म्हणती, रडू नका, सारवण लई चांगलं झालंय. … हो! वर असं म्हणली! मी तिच्या जागी असते तर मालनबाईलाच टाकीत घातली असती! दादाला तर सांगायची सोयच न्हाई, त्यानं म्हैस बाजाराला नेली असती. वहिनी टाकीवर हात ठेवून बसली, लेकरू तापलंय का बघतात ना, तशी. मी जवळ गेले तर म्हणली, कौसाताई, आता मी कांताला काय सांगू?

आन तेवढ्यात घुंगरं. … घुंगरं! बैलांच्या गळ्यातली! … अगं, वरात ट्रकनंच यायची ठरली व्हती! पण ट्रकला डिझेल कोण देणार? तर भोकरदनवाल्यांनी गावातल्या होत्या तेवढ्या बैलगाड्या जुंपल्या. ही रांग! दिवसभर हादरत हादरत आलेले लोक. कुणाची कंबर धरलेली, कुणाचं डोकं. झुंबरबाईंचा, विहीणबाईंचा, शालू तर मातीनं ओळखू येत न्हवता. सगळे असे चिडलेले की विचारू नको. दादाला तर त्या बैलांकडं बघूनच घाम फुटला, एवढ्यांना कडबा कुठून आणू!

आन वहिनी त्याच बैलांकडं बघून ताडकन उठली. … कळलं का तुला? … न्हाई कळलं? … सत्यशीलाताईंना कळलं! हसल्या बघ!

अगं बैल! एवढे बैल, कडबा खाऊन आलेले! ट्रक आला असता तर काय दिलं असतं त्यानं? धूर!

आता मजा ऐक. वऱ्हाडाचा जानवसा शाळेत. आपली रीत काय, वधूमायनं विहिणीचे पाय धुवायचे, कुंकू लावायचं. झुंबरबाई पाटावर उभ्या, पाय पुढं करून. बाजा वाजून राह्यला. सगळे बघून राह्यले, वधूमाय कुठंय? आन आली! साळूवहिनी आली पळत पळत, पदर खोचलेला, आन हातात तांब्या न्हाई, ताट न्हाई, टोपलं! विहिणीच्या अंगावरून अशी गेली, ढुंकून बघितलं न्हाई, आन सरळ बैलांच्या मागं! … मला वाटलं आता धरणीनं पोटात घ्यावं! सनईवाल्याची फुंक तोंडातच राह्यली!

झुंबरबाई म्हणल्या, ही विहीण हाय का गोठ्यावरची बाई? … वहिनी वळली. दोन्ही हात कोपरापर्यंत भरलेले. म्हणली, विहीणबाई, पाय मी धुणारच हाय. पण आधी हे. ताजं हाय तवर टाकीत जायला पाहिजे. तुमच्या पोराच्या लग्नातला उजेड हाय हा.

आन सगळं सांगून टाकलं गं तिनं! भर वऱ्हाडात! रॉकेल न्हाई, गॅसबत्त्या रिकाम्या टांगल्यात, टाकी बसलीय, सगळं. दादा डोळ्यानं खुणावून राह्यला, गप, गप! ती कुठली गप बसती! म्हणली, उद्या अंधारात कळण्यापरीस आज उजेडात कळू द्या. तुमच्या बैलांचं शेण द्या, दिवे लागतील. न्हाई लागले तर मी तुमच्यापुढं पदर पसरीन.

रामकिसनराव तापले. म्हणले, जुंपा गाड्या! शेणाच्या दिव्यावर पोराचं लग्न लावायला आम्ही काय उघड्यावर पडलोय? जुंपा! … हो ना! दोघं-तिघं उठले बी, जू उचलायला! घरात कांताला कुणीतरी जाऊन सांगितलं. ती हळदीच्या अंगानं देवापुढं जाऊन बसली. मी म्हणलं सपलं, ह्या पोरीच्या नशिबात पुन्हा तेच.

… अगं थांब, श्वास तर घेऊ दे!

वहिनी टोपलं भरतच व्हती. आन आपल्याशीच बोलल्यावानी म्हणली, पण हे बैल थकलेत, उपाशी दिसतात. ह्यांच्या शेणात दम असंल का न्हाई, देव जाणे. … झालं! झुंबरबाई पाटावरून खाली! म्हणल्या, कोण उपाशी? माझे बैल उपाशी? सरकी घालते मी, सरकी! देवणी जोडी हाय माझ्या बापानं दिलेली! दम असंल का न्हाई म्हंजे काय? … अगं मुद्दाम न्हाई म्हणली वहिनी! ती टाकीचाच विचार करून राह्यली व्हती! पण लागलं बराबर!

रामकिसनराव म्हणले, चल, गाडीत बस. तर झुंबरबाई म्हणल्या, बैल माझ्या माहेरचे हायेत, मी म्हणीन तवा जुंपायचे. आन गड्यांना म्हणल्या, बघता काय? धरा टोपली!

… हो! वऱ्हाडानं! फेटे बांधलेल्या वऱ्हाडानं शेण वाहिलं! सत्यशीलाताई, हसा, पोट धरून हसा! न्हाणीवरचं गरम पाणी आणलं, त्यात कालवलं, टाकीत सोडलं. थंडी लागून गॅस कमी होतो म्हणून वहिनीनं टाकीच्या भोवती कडबा रचला, वरून घोंगडी. आन चहासुद्धा चुलीवर, गॅसला कुणी हात लावायचा न्हाई. सगळं झाल्यावर हात धुतले, तांब्या घेतला आन विहिणीचे पाय धुतले. झुंबरबाईंचे पाय शेणानं भरलेलेच व्हते, धुवायला काहीतरी झालं तरी!

दुसऱ्या दिवशी सकाळी झुंबरबाई स्वतः परसात. टाकी चार बोटं वर. दुपारी वीतभर. त्या म्हणायच्या, बघा, माझे बैल! मालनबाई म्हणायची, आमच्या म्हशींचं बी हाय त्याच्यात! भांडणं लागली बायांत, शेण कुणाचं चांगलं यावर! … रामकिसनराव? ते जानवशात रुसून बसलेले, कानाला रेडिओ. पण घडीघडीला माणूस पाठवायचे, टाकी कुठवर आली बघून ये. शेवटी रेडिओ बंद केला आन आपणच आले. दादाच्या शेजारी उभे. दोघं व्याही हाताची घडी घालून टाकीकडं बघून राह्यले.

… हां, वरातीचं? दादा वहिनीला म्हणला, पारावर दिवे कसे न्यायचे? हे तर पाइपाला बांधलेले. वहिनी म्हणली, दिव्यांना पाय न्हाईत, नवरदेवाला हायेत. दिवस हाय तवर आणा त्याला.

… अवं ताई, कुणाचा कॉल थांबलाय? … नागपूरचा? थांबू द्या की दोन मिनिटं. नागपूरला काय दिवे लागायचे राह्यलेत का!

तर दिवस बुडाला. मांडवात अंधार. माणूस माणसाला दिसत न्हाई. भटजी म्हणले, मुहूर्त आला. वहिनीनं काडी ओढली. पहिला दिवा फुसफुसला… निळा झाला… गेला. कुणीतरी मागं खुदकन हसलं. दादानं डोळे मिटून घेतले. वहिनीनं दुसरी काडी ओढली. आन नंदे… भक् करून लागला! पांढराशिप्पाट! मंग दुसरा. मंग तिसरा. अगं, त्या उजेडात ते सारवलेलं अंगण जे चमकलं! मालनबाईचा हात न् हात दिसून राह्यला त्याच्यावर! बाया ओरडल्या, वाजंत्रीवाल्यांनी सांगायच्या आधीच बाजा सुरू केला. रामकिसनराव दादाला म्हणले, सोयरे, हे मिसरात न्हाई! आन मिठी मारली!

… हो गं, मिठी! भर मांडवात!

मंगलाष्टकं लागली आन वहिनी परसात गेली. … काऊन म्हंजे? आई लेकीचं लग्न बघत असती का? तुळशीला पाणी घालती ना. तर ही तुळशीला पाणी घालून टाकीपाशी जाऊन उभी. टाकी खाली येऊन राह्यली, दिवे मंद व्हायला लागले. वर वजन पाहिजे, म्हंजे गॅस जोरात सुटतो. वहिनी दगड ठेवती, पुरत न्हाई. तर मालनबाई आली, पदर खोचला आन म्हणली, सरा! आन चढून बसली टाकीवर! … अगं खरंच! अख्खी मालनबाई! दिवे असे फक्कन उजळले! लोक म्हणून राह्यले काय झालं, काय झालं, आन मालनबाई वर बसून अक्षता टाकून राह्यली!

मंग झुंबरबाई उठल्या. मधीच. भटजींना म्हणल्या, थांबा. भटजी म्हणले, बाई, मुहूर्त! म्हणल्या, मुहूर्त बी थांबंल. आन परसात आल्या, वहिनीचा हात धरला. वहिनी म्हणती, अवं रीत न्हाई, मी बघायचं न्हाई. झुंबरबाई म्हणल्या, जिनं उजेड केला तिनंच बघायचं न्हाई, ही कसली रीत? आन ओढत नेलं. अंतरपाटाच्या शेजारी उभं केलं. हात सोडला न्हाई शेवटच्या अष्टकापर्यंत.

… बघितलं ना! वहिनीनं कांताकडं बघितलं. तो पांढरा उजेड पोरीच्या तोंडावर, मुंडावळ्यांवर. आन आपल्या गावात कुठल्या आईनं बघितलं न्हाई ते तिनं बघितलं, नंदे. … हो, रडली. मंग? सगळ्यांम्होरं रडली, पुसलं बी न्हाई. मी बी रडले. दादा तर लेकरावानी.

… काय म्हणता ताई? … साहेब येऊन राह्यले? … बरं, बरं, सपवते. नंदे, ऐक, जल्दी सांगते, खरी गोष्ट तर राह्यलीच!

काल पाठवणी. कांता गळ्यात पडून राह्यली, बाया डोळ्याला पदर लावून तयार. आन झुंबरबाई गाडीतून म्हणल्या, पाठराखीण कोण? … रीत ठाऊक हाय ना तुला, नवरीसोबत एक बाई जाती, आजी न्हाई तर आत्या. मी पेटी घेऊन निघाले बी व्हते. झुंबरबाई म्हणल्या, तुम्ही थांबा कौसल्याबाई. साळूबाई येतील. आमच्या परसात बी टाकीचा खड्डा खांदायचा हाय, कुठं खांदायचा ते कोण दाखवणार?

… हो! आई! लेकीच्या पाठवणीला आई निघाली! दादा म्हणला, अगं, लेकीच्या सासरचं पाणी बी पीत न्हाई आपण. वहिनी म्हणली, घागर सोबत घेते! आन चढली गाडीत! विहिणीच्या शेजारी, पुढच्या गाडीत! अख्खं गाव वेशीपर्यंत, आन रडायला आईच न्हाई दारात! दादा गाडीमागं चार पावलं पळाला, ओरडला, अगं, माघारी कधी येणार? आन ती हसली गं, नंदे, पोरीवानी हसली, आन तिथून ओरडून म्हणली, टाकी वर आली की!

… हॅलो? … नंदे? … सत्यशीलाताई? … हॅलो? …